रांगेतलं पायडल

जिन्याखालची ती खोली इतकी अरुंद, की गिऱ्हाइकाने बॅग आत द्यायची आणि आपण बाहेरच उभं राहायचं. आत एक शिलाई मशीन, एक स्टूल, भिंतीवर लांबीप्रमाणे टांगलेल्या चेनी, आणि मशीनच्या वर देवाची छोटी तसबीर. जॅकेट असो, दप्तर असो, नाही तर प्रवासाची फुगलेली बॅग असो, दात उडालेली कुठलीही चेन इथे पुन्हा लागायची. म्हणून सगळी गल्ली तिच्या मालकिणीला चेनवाल्या काकू म्हणायची. खरं नाव विचारलं तर शेजारणीलाही क्षणभर थांबावं लागे.

काकूंकडे पावतीपुस्तक नव्हतं. कुणी काय दिलं, कधी दिलं, सगळं डोक्यात.

“काकू, पावती हरवली हो माझी.”

“दिलीच कुठे होती? निळी बॅग, आतल्या कप्प्याची चेन, कप्प्यात अर्धा कंगवा. हा घ्या कंगवा, ही घ्या बॅग.”

अशा या बाईला फुटबॉलचं वेड आहे, हे नव्या माणसाला सांगून पटत नसे. वेड माहेरचं नव्हतं, सासरचं होतं. आणि तेही नवऱ्याचं नव्हे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून आल्यावर माणसं डावीकडून उजवीकडे पळताना बघितली की त्याचे डोळे मिटायचे. वेड होतं ते सासऱ्यांचं. ते तरुणपणी गोलकीपर होते. लग्न होऊन चार महिने झाले नसतील, एक दिवस त्यांनी सुनेच्या मशीनवरची रिळं उचलून जेवणाच्या टेबलावर मांडली.

“हे पांढरं रीळ म्हणजे त्यांचा शेवटचा बचाववाला. तुझं लाल रीळ त्याच्या पुढे जाऊन उभं राहिलं, आणि मग चेंडू आला, की शिट्टी. याला ऑफसाइड म्हणायचं.”

“म्हणजे आगाऊपणा केला की शिट्टी.”

“बरोबर! माझ्या मुलाला सात वर्षांत कळलं नाही, तुला एका मिनिटात कळलं. सूनबाई, रविवारी काही काम आहे का तुला?”

तेव्हापासून सोळा वर्षं दोघं मिळून सामन्यांना जायची. घरच्या मैदानावरच्या आणि बाहेरगावच्याही. दोन बोटं तोंडात घालून शिट्टी कशी मारायची, तेही सासऱ्यांनीच शिकवलं. काकूंची शिट्टी अशी, की एकदा खरा रेफ्री दचकून थांबला होता. सामना संपला की घरी येऊन काकू आधी दिवा लावायच्या, मग हरल्याचं दुःख करायच्या. जिंकलं तर देवाचे आभार, हरलं तर देवाशी थोडं भांडण, पण दिवा दोन्ही वेळेला.

त्या वर्षी सासऱ्यांचा डावा डोळा गेला. उजव्यावर धुकं उतरत होतं. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, “आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. टिकेलच असं नाही.” हे सासऱ्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांना ते कुणी न सांगताच कळलं होतं.

आणि नेमका ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी सामना आला तो त्या लहानग्या मैदानावर, जिथे सासरे पोरवयात तीन वर्षं गोलमध्ये उभे राहिले होते. मैदान कसलं, घरांच्या मधोमध पसरलेला हिरवा चौकोन. पाहुण्यांसाठी एकच बाकांची गॅलरी, त्यात ऐंशी जागा. एरवी काकूंच्या संघामागे तीन-चारशे माणसं सहज जायची. आता ऐंशी तिकिटं, माणशी दोन, म्हणजे रांगेतल्या पहिल्या चाळीस जणांची चंगळ आणि बाकीच्यांनी घरी बसायचं.

“एकदा तिथे जाऊन यावं म्हणतो,” सासरे म्हणाले. “दिसतंय तोवर.”

“जाऊ या ना, बाबा.”

“पण एक ऐक. माझ्या डोळ्यांचं कुणाला बोलायचं नाही. म्हाताऱ्याची दया करून दिलेल्या तिकिटावर मी बसणार नाही. रांगेतून मिळालं तरच.”

काकूंनी शब्द दिला. दिलेला शब्द म्हणजे त्यांच्या लेखी शिवण. एकदा घातली की उसवायची नाही.

आता या रांगेचं सांगायला हवं. पूर्वी लोक तिकिटासाठी क्लबच्या भिंतीला टेकून फुटपाथवर झोपायचे. आजूबाजूच्यांनी तक्रार केली. मग यादी करायला लागले, तर गेल्या वर्षी दोन याद्या निघाल्या, दोन्हींत पहिलं नाव वेगळं, आणि एकाचा दात पडला. तेव्हा बांधकामावर मुकादम असलेला जो माणूस या सगळ्या पाठीराख्यांचं बघायचा, त्याने नियमच करून टाकला. आदल्या संध्याकाळी यायचं, भिंतीलगत आपली एक वस्तू ठेवायची, घरी जाऊन झोपायचं. सकाळी सहाला हजेरी. वस्तूजवळ उभा असेल त्याचा नंबर पक्का, नसेल तो बाद.

“कागद खोटं बोलतो,” मुकादम म्हणायचा, “वीट बोलत नाही.” म्हणून कुणी काही लिहायचंच नाही, असं ठरलं होतं. सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

त्या संध्याकाळी काकू सातला निघणार होत्या. पावणेसातला एक नर्स धावत आली. युनिफॉर्मची चेन फाटलेली, रात्रीची ड्युटी. नाही कसं म्हणणार? चेन बदलून, कडेला दोन टाके जास्तीचे घालून काकू क्लबजवळ पोचल्या तेव्हा भिंतीलगत वस्तूंची ही लांब रांग लागली होती. काकूंनी पिशवीतून जुन्या मशीनचं तुटकं लोखंडी पायडल काढलं आणि शेवटी ठेवलं. पुढची वस्तू होती पाइप आवळायचा मोठा पाना. त्याचा मालक, नळवाला, अजून तिथेच विडी ओढत उभा होता.

“उशीर केलात काकू. आज माझ्या मागे लागायची वेळ आली तुमच्यावर.”

“तुमच्या मागे कोण लागतंय? मी तिकिटाच्या मागे आहे.”

नळवाला खो-खो हसला. माणूस वाईट नव्हता, पण आवाज मोठा आणि फुशारकी त्याहून मोठी.

काकूंची ती नाम घ्यायची वेळ. माळ घरी राहिलेली. मग त्यांनी काय केलं, रांगेच्या तोंडाशी गेल्या आणि एकेका वस्तूपाशी एकेक नाम घेत मागे आल्या. वीट, एक. लाल हेल्मेट, दोन. तळ फाटलेली बादली, तीन. ज्याची वस्तू त्याचं भलं कर, असंही मनात म्हणत गेल्या, कारण नुसतं नाम घेताना मन भटकतं, कुणासाठी तरी घेतलं की टिकतं. पान्यापाशी चाळिसावं नाम झालं. पायडलापाशी एक्केचाळिसावं.

त्या तिथेच थबकल्या. पुन्हा मोजायला नको होतं. नामात त्यांची चूक होत नसे.

घरी सासरे जागेच होते. “मिळेल?”

“देवाच्या मनात असेल तर.”

“सगळं देवावर सोडू नकोस. तो काय गोलकीपर आहे?”

काकूंनी हसून पांघरूण सारखं केलं. पण पाठ टेकल्यावर एकच आशा मनात घोळत राहिली : सकाळी हजेरीला चाळिसातला एक जण येऊ नये. एक कुणीतरी गाढ झोपावा. हे मागणं देवापाशी मागावं की नाही, हे काही त्यांना ठरवता येईना.

सकाळी पावणेसहाला त्या क्लबच्या कोपऱ्यावर वळल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

भिंतीलगत काही नव्हतं. फुटपाथ लख्ख झाडलेला. आणि फाटकाच्या बाजूला ढीग : विटा, चपला, बादली, हेल्मेट, डबे, कुकरचं झाकण, छत्र्या, पाना, सगळं एकमेकांत अडकून पडलेलं. काकूंच्या पायडलाची कड मधूनच दिसत होती. ढिगाशेजारी झाडूवाली उभी होती, नवीन होती बिचारी, त्याच आठवड्यात कामावर लागलेली.

“मला काय ठाऊक?” ती रडकुंडीला आली होती. “कचराच वाटला मला. कुणी विटेला रांगेत उभं करतं का?”

सहा वाजले तेव्हा बासष्ट माणसं जमली होती आणि बासष्टही पहिल्या चाळिसात होती.

“मी पाचवा! हेल्मेटच्या मागे!”

“हेल्मेटच्या मागे माझी बादली होती, तू कुठून उगवलास?”

एकाने मोबाईल काढला. काल त्याने फोटो घेतला होता! सगळे त्याच्यावर तुटून पडले. फोटोत त्याचंच हसरं तोंड, कानामागे वीट, हेल्मेट, आणि मग अंधुक काहीतरी.

“तुझं तोंड घेऊन काय करू? त्याच्यावर सामना बघायला मिळणार आहे का?” मुकादम ओरडला.

नळवाल्याचा आवाज सगळ्यांच्या वर. “माझा पाना पहिल्या दहात होता! डोळ्यांनी पाहिलंय मी!” एकाने त्याची कॉलर धरली. दुसऱ्याने ढिगातली वीट उचलली, स्वतःची म्हणून की मारायला, ते कुणालाच कळलं नाही.

सात वाजले. साडेसात. आठला तिकीटखिडकीचे साहेब आले, गर्दी बघून त्यांनी कुलूपसुद्धा उघडलं नाही. “साडेआठपर्यंत मला नीट रांग दिसली पाहिजे. नाही दिसली तर खिडकी बंद. यजमान क्लबचा माणूस दहाला उरलेली तिकिटं न्यायला येणार आहे, अख्खा गठ्ठा त्याच्या हातात देतो. मग बघा सामना रेडिओवर.”

“चिठ्ठ्या टाकू,” कुणीतरी म्हणालं.

“टाका चिठ्ठ्या!” मागच्या वीस-बावीस जणांनी एकदम उचलून धरलं. त्यांचं काय जात होतं?

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. सकाळपासून तोंडातून शब्द काढला नव्हता. तेवढ्यात मुकादमाची नजर त्यांच्यावर गेली. “काकू, तुम्ही तरी तिसाच्या आतच होतात ना? मला आठवतंय तुमचं ते पायडल.”

त्याला काही आठवत नव्हतं. पण त्याने मनापासून म्हटलं होतं, आणि आजूबाजूच्या दोघा-तिघांनी मानही हलवली. नुसतं “हो” म्हटलं असतं तरी भागलं असतं. गप्प राहिल्या असत्या तर चिठ्ठ्या, आणि चिठ्ठीत बासष्टांत चाळीस. म्हणजे तिकीट मिळायचीच शक्यता जास्त. आणि तोंड उघडलं तर? वीट, हेल्मेट, बादली, सगळी माळ त्यांच्या ओठांवर तयार होती. तिच्या शेवटी कोण बाहेर राहणार, तेही त्यांना तेवढंच पक्कं ठाऊक होतं.

सासऱ्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. रांगेतून मिळालं तरच.

काकूंनी दोन बोटं तोंडात घातली.

शिट्टी अशी वाजली की वीट उचललेल्याने वीट खाली ठेवली.

“मला सगळी रांग पाठ आहे,” काकू म्हणाल्या. “काल एकेका वस्तूवर नाम घेतलंय मी.”

कुणी हसलं. नळवाला म्हणाला, “काकू, चेन लावण्याइतकं सोपं नाही हे.”

“तसंच आहे. एक दात दुसऱ्यात बसला की पुढचा आपोआप बसतो. तुमच्या पुढे कोण होतं ते तुम्हाला माहीत असेल ना प्रत्येकाला? मी चुकले तर तिथल्या तिथे सांगा.” त्यांनी डोळे मिटले. “एक, वीट, अर्धी तुटलेली.”

“माझी!” मुकादम म्हणाला.

“दोन, लाल हेल्मेट. तीन, बादली, तळ फाटका. चार, लहान मुलाचा एकच बूट.”

“माझा. बादलीच्या मागेच ठेवला होता, खरं आहे!”

“पाच, हिरव्या रंगाचा डबा, झाकण नाही.”

एकेक माणूस ढिगातून आपली वस्तू ओढून काढू लागला आणि भिंतीशी जाऊन उभा राहू लागला. पंधरापर्यंत लोक कुजबुजत होते, विसाच्या पुढे कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेईना. झाडूवाली झाडू उराशी धरून ऐकत होती. खिडकीवाले साहेब किल्ली हातात घेऊन दारातच थांबले होते.

“तेवीस, कुकरचं झाकण.”

कुणी पुढे आलं नाही.

“झाकण कुणाचं?” मुकादमाने विचारलं. “तीनदा पुकारणार. नसेल तो बाद.”

काकूंनी डोळे उघडले. एक जण बाद झाला, तर मागचे सगळे एकेक पाऊल पुढे. एक्केचाळीसचं चाळीस. रात्रभर जे मागावं की मागू नये म्हणून त्या तळमळल्या होत्या, ते न मागता समोर आलं होतं.

“झाकण! दुसऱ्यांदा!”

ढिगाच्या पलीकडे एक म्हातारा वाकून काहीतरी शोधत होता. घड्याळं दुरुस्त करणारा. आयुष्यभर टिकटिक ऐकून ऐकून बाकी काही ऐकू येईनासं झालेला. झाकण त्याचंच. काल काकू नाम घेत तिथून गेल्या तेव्हा तो ते रुमालाने पुसत बसला होता. मुकादमाला तो ढिगाआड दिसत नव्हता. काकूंना दिसत होता.

मुकादमाने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि काकूंचा हात वर झाला. “अहो, ते घड्याळजी! तिकडे! ऐकू नाही येत त्यांना, हात धरून आणा!”

म्हातारा झाकण छातीशी धरून हसत तेविसाव्या जागी जाऊन उभा राहिला. काय घडलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

काकू पुढे म्हणत गेल्या. छत्तीस, छत्री. सदतीस, दुसरी छत्री, मूठ नसलेली. अडतीस, फुटका ट्रे. एकोणचाळीस, सायकलची घंटी.

आता दोनच नावं त्यांच्या ओठांवर होती, आणि जागा एक. नळवाला समोर उभा होता. सकाळपासून पहिल्या दहातल्या नंबराची टिमकी वाजवणारा तो आता मानेवरचा घाम पुसत होता. त्यालाही माहीत होतं. पान्यामागे पायडल ठेवताना त्यानेच काकूंना पाहिलं होतं. पण तो आता काय सांगणार, आणि त्याचं ऐकणार कोण? सबंध रांग काकूंच्या जिभेवर उभी होती.

“चाळीस,” काकू म्हणाल्या, “पाइपाचा पाना.”

नळवाला हलला नाही.

“जा ना. तुमचाच आहे.”

“आणि तुम्ही?” मुकादमाने विचारलं.

“एक्केचाळीस. पायडल.”

आठ वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. साहेबांनी कुलूप काढलं.

काकूंनी पायडल पिशवीत घातलं. घरी जाऊन काय सांगायचं, याचे शब्द त्या जुळवत होत्या, आणि जुळत नव्हते. शब्द दिला होता म्हणून कुणापाशी डोळ्याचं नाव काढता येत नव्हतं. रांग पुढे सरकत होती, लोक दोन-दोन तिकिटं खिशात घालून बाहेर पडत होते, कुणी “काकू, मानलं तुम्हाला” म्हणत होता, आणि त्या मान हलवत होत्या. पाय मात्र निघत नव्हते.

सर्वांत शेवटी नळवाला खिडकीतून वळला. त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तिसरीकडेच बघत म्हणाला, “माझी बायको येत नाही बाहेरच्या सामन्याला. म्हणते, बसमध्ये तुमची बडबड ऐकायची, त्यापेक्षा घरी टाइल्स पुसेन. एक जास्तीचं आहे. घ्यायचं तर घ्या. फुकट नाही देणार, जेवढ्याला पडलं तेवढे द्या.”

“एकच?”

“एकच. एकावर मी जाणार ना!”

काकूंनी पैसे दिले. दयेचं नव्हतं ते. विकत घेतलेलं होतं, आणि रांगेतूनच निघालेलं. शब्द मोडला नव्हता.

रविवारी बस त्या मैदानाच्या गल्लीत थांबली. सासऱ्यांनी कोट घातला होता, गळ्यात संघाचा जुना मफलर. काकूंनी त्यांचा हात नळवाल्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याची बोटं आधी हवेत चाचपडली, मग त्यांना तो हात सापडला. नळवाल्याने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही बोलला नाही.

“तू?” सासऱ्यांनी विचारलं.

“तुम्ही व्हा पुढे, बाबा. मी आहेच मागे.”

खोटं नव्हतं ते. भिंतीच्या मागे होत्याच त्या. एका घराच्या पायरीवर बसून त्यांनी दीड तास मैदान कानांनी पाहिलं. चेंडूचा ठप्प आवाज, लोकांचा सुस्कारा, रेफ्रीची शिट्टी. एकदा ऐंशी घशांमधून एकदम आरोळी उठली. ती आपल्याच माणसांची होती. काकूंना राहवलं नाही, बोटं तोंडात गेली. वरच्या खिडकीतून एका बाईने घाबरून डोकं बाहेर काढलं.

सामना सुटला. नळवाल्याच्या हाताला धरून सासरे फाटकातून बाहेर आले. चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“काय दिसलं, बाबा?”

“मधलं सगळं धूसर. पण डावा खांब दिसला. अजून तसाच आहे, जरासा बाहेर कललेला. त्या खांबाने माझे दोन गोल वाचवलेत.” मग ते थांबले. त्यांची पकड नळवाल्याच्या हातावरून सुटून सुनेच्या मनगटावर आली. “तुझी शिट्टी मागच्या बाकावरून नाही आली. भिंतीपलीकडून आली. गोलकीपर होतो मी. आवाज कुठून येतो ते मला न बघता कळतं.”

काकूंनी त्यांचा मफलर सारखा केला.

“किती मिळाली होती?”

“एक.”

बसचा हॉर्न दोनदा वाजला.

“चल,” ते म्हणाले, “खिडकीजवळ बस माझ्या. पहिल्या मिनिटापासून सांगतो. आणि मध्ये कुठे मला दिसलं नसेल, तिथे या नळवाल्याला विचारू. एवढा बडबडतो, आता कामाला येईल.”